डॉक्टरीणबाईंचं मरण धरायचं की नाही

त्या रविवारी मी आईकडे गेले ती तिच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी. नळवाला येणार होता, आणि आईचा कुठल्याही कारागिरावर विश्वास नसल्यामुळे तिला सोबतीला एक साक्षीदार हवा होता. नळवाला आलाच नाही. मग आम्ही दोघी नळाखाली पातेलं ठेवून टेबलाशी मटार सोलत बसलो, आणि आई कानाला फोन लावून एका मेलेल्या बाईवरून भांडत राहिली.

मेलेली बाई खरी नव्हती. आईच्या घरात अशी माणसं पुष्कळ होती.

आई नोकरी काय करते, हे लहानपणी मला कोणाला सांगता यायचं नाही. एक अंतराळयान आहे, त्याचं नाव टिटवी. ते माझ्या जन्माआधीपासून टीव्हीवर फिरतंय. कप्तान बदलले, नट म्हातारे झाले, काहींची मुलं त्याच यानात कामाला लागली, पण मालिका काही संपली नाही. तिच्या आजूबाजूला पुस्तकं निघाली, चित्रकथा निघाल्या, संगणकावरचे खेळ आले, दोन सिनेमेही आले. प्रत्येक ठिकाणी लिहिणारा वेगळा, आणि प्रत्येकाला आपली गोष्ट खरी वाटणार. तर या सगळ्यात नेमकं काय घडलं असं मानायचं, हे ठरवणं आईचं काम होतं. कंपनीच्या कागदांवर तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. लेखक तिला सासूबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. "घरात सून नाही, तर ऑफिसात हौस भागवते," असं ती स्वतःच सांगायची.

'अधिकृत' हा शब्द तिने कधी वापरला नाही. तो वकिलांचा, म्हणायची. तिचा शब्द होता 'धरणं'. पडद्यावर दिसलं ते धरायचं. पडद्यावरच्या एका पात्राने दुसऱ्याला काही सांगितलं, तर त्याने तसं सांगितलं एवढंच धरायचं, ते घडलंच असेल असं नाही. पुस्तकं आणि चित्रकथा म्हणजे कच्चा लिंबू. त्यांना खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्यांचं आउट होणं धरायचं नाही. आणि ज्याचं मरण पडद्यावर दिसलं नाही, तो मेला असं धरायचं नाही. या शेवटच्या नियमावर कित्येक नटांची पोटं भरली.

टिटवीवरच्या डॉक्टरीणबाईंचं मरण मात्र दिसलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. यानाचा एक भाग फुटतो, दार मिटतं, त्या आत अडकतात आणि कप्तान बाहेर. मागे संगीत नाही. त्या डॉक्टर असल्यामुळे आपल्या शरीरात आता काय काय होत जाणार हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि त्या घाबरतात. शूर माणसासारखं काही बोलत नाहीत. कप्तानाला नुसतं म्हणतात, बोलत राहा. तो काहीबाही बोलत राहतो. प्रेक्षक हादरले. कंपनीच्या दाराशी लोकांनी सुकलेली फुलं आणून टाकली. पुढे कोणीतरी घाईघाईने एक पुस्तक काढलं. त्यात डॉक्टरीणबाई औषध घेऊन झोपेतच जातात, आणि ते घाबरणं वगैरे कप्तानाला पडलेलं स्वप्न असतं. लोकांना ते पुस्तक फार आवडलं. आईने त्याला कच्चा लिंबू ठरवलं आणि त्यापायी पुढे कितीतरी वर्षं शिव्या खाल्ल्या.

आता मालिकेच्या नव्या हंगामात डॉक्टरीणबाईंना परत आणायचं चाललं होतं. निर्मातीबाईंना त्यासाठी तो जुना भागच खोडून टाकायचा होता.

"आणा की परत," आई फोनवर त्यांनाच सांगत होती. "मी कुठे नको म्हणते? यंत्रं आहेत तुमच्याकडे, जुळ्या बहिणी आहेत. काळात मागे जायचं दार तर सारखं सताड उघडं असतं, आत डास येतील एवढं. आणा तिला. पण ती मेलीच नव्हती, असं नाही म्हणायचं."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. आईने माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि हाताच्या इशाऱ्याने, मटार खाऊ नकोस, असं सुचवलं.

"अगं बाई," ती मग म्हणाली, "केवढी घाबरली होती ती. लोकांनी पाहिलंय. ते काय सगळं फुकट?"

परत पलीकडचं बोलणं.

"नाही. माझं उत्तर नाहीच आहे. बरं, उद्या बोलू. माझी मुलगी आलीये. सोलतेय कमी आणि खातेय जास्त. तिच्याकडे बघायला हवं."

फोन ठेवून ती शेंगांकडे वळली. मी म्हटलं, "आई, मालिका आहे गं ती."

"तुझ्या कादंबऱ्यांमधल्या बायका मरतात तेव्हा तू दोन दोन दिवस तोंड पाडून फिरतेस. त्या काय तुझ्या मैत्रिणी होत्या?"

"त्या नीट मरतात."

"नीट म्हणजे?"

"लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, का मरतायत ते."

आई मनापासून हसली. "आमची डॉक्टरीण करार संपला म्हणून मेली. पण मेली ना!"

मी शाळेच्या पाठ्यपुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या तयार करण्याचं काम करते. आधीच्या आवृत्तीतलं काय काढायचं, काय ठेवायचं, हे ठरवण्यात माझाही दिवस जातो. पण आमची दोघींची कामं एकाच जातीची आहेत, हे मी तिच्यापाशी कधी कबूल केलं नाही. तिने ते कधीच ओळखलेलं होतं. मी निघाले तेव्हा सोललेल्या मटारची पिशवी तिने माझ्या हातात कोंबली. दार लावून घेतलं आणि नेहमीसारखं परत उघडून म्हणाली, "पोचलीस की कळव."

तो तिचा शेवटचा साधा दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला. मी थेट हॉस्पिटलात गेले. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं आटोपलं. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दुसऱ्या गावाहून येईपर्यंत उशीर झाला होता. मधल्या वेळात त्या खोलीत जे झालं ते मी एकटीने पाहिलं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. शांत नव्हतं, एवढंच आत्ता लिहिते.

मावशीने मला काही विचारलं नाही. तिने माझा चेहरा पाहिला, माझा हात पाहिला, त्यावरचे ओरखडे पाहिले. मग बाहेरच्या बाकावर बसून ती एकेका नातेवाइकाला फोन लावत गेली. "ताई गेली रे. नाही, काही त्रास नाही झाला. झोपेतच. तिला कळलंसुद्धा नाही." दर फोनला त्यात थोडी भर पडत होती. शेवटच्या एकदोन फोनांपर्यंत आईच्या चेहऱ्यावर हसू आलेलं होतं.

कंपनीचं निवेदन दुसऱ्या दिवशी आलं. त्यात आई आपल्या कामाच्या टेबलापाशी, नव्या हंगामाची संहिता समोर उघडी असताना, शांतपणे गेली होती.

पुढचे दिवस माणूस गेल्यावर जसे जातात तसे गेले. बँक, दाखले, कपाटं. दमणूक एवढी की रडायला बसले तर पेंग यायची. सतत कोणीतरी सांत्वनाला यायचं आणि मला त्यांच्यासाठी चहा करावा लागायचा. एके सकाळी नळवाला उगवला. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "बाई नाहीयेत का?"

"नाहीयेत."

"कधी येतील? त्यांना दाखवल्याशिवाय काम केलं तर ओरडतात फार."

मी म्हटलं, "मी आहे ना. करा तुम्ही." त्याने वॉशर बदलला. गळणं थांबलं आणि घर एकदम फार शांत झालं.

त्यानंतर दातवाले काका आले. हे निवृत्त दंतवैद्य. टिटवीचा जो भलाथोरला कोश चाहत्यांनी मिळून इंटरनेटवर केलेला आहे, त्याचं संपादन हे करतात. आईशी त्यांचं वर्षानुवर्षं फोनवर भांडण चालायचं आणि दोघांनाही त्याशिवाय करमायचं नाही. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. चहाला नको म्हणाले, मग घेतला.

"कोशात बाईंची नोंद आहे," ते म्हणाले. "आधीपासूनच आहे. आता ती पुरी करायला हवी."

"मग करा ना."

"अडचण अशी की दोन गोष्टी ऐकायला येतायत. कंपनी म्हणते टेबलापाशी. तुमच्या मावशी आमच्यातल्या एकाला म्हणाल्या, झोपेत. आणि दोन्हीही सांगितलेल्याच. पाहिलेली एकही नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाईंचाच नियम आहे हो. सांगितलेलं असेल तर सांगितलं एवढंच धरायचं. त्यामुळे मरणाच्या जागी सध्या आम्ही 'अनिश्चित' असं घातलंय."

"अनिश्चित?" मी म्हटलं.

"तसं वाईट दिसतं, मान्य आहे," ते घाईने म्हणाले. "शिवाय काही पोरकट मंडळींनी त्याचा भलताच अर्थ घेतलाय. पडद्यावर दिसलं नाही म्हणजे गेल्याच नाहीत, असं. कालच एकाने त्यांच्या वाढदिवसाला केक कुठे पाठवू म्हणून विचारलं. मी त्याला फैलावर घेतलं. पण खरं सांगू का, मलाही क्षणभर बरं वाटलं."

मला हसू आलं. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा. त्या हसण्याबरोबर बाकीचंही वर येईल अशी भीती वाटली, म्हणून मी कप उचलायला उठले.

"तुम्ही तिथे होतात ना?" त्यांनी मागून विचारलं.

"होते."

"मग तुम्ही म्हणाल ते."

"काका, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"असं कसं?" ते खरोखरच दुखावले होते. "बाईंच्या बाबतीत असं कसं लिहू?"

ते गेले तेव्हा नोंद 'अनिश्चित'च होती.

शोकसभेच्या आधी निर्मातीबाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. आईचं टेबल तसंच होतं. तिचा उशी लावलेला टेकू खुर्चीत, खिडकीत तिने विसरून विसरून पाणी घातलेलं रोप. निर्मातीबाई माझ्याच वयाच्या. डोळ्यांखाली काळं. फोन उलटा ठेवायच्या आणि तो वाजला की बोलता बोलता त्याच्यावर हात ठेवायच्या, रडणारं मूल थोपटावं तसा.

"सभेत आम्ही एक जाहीर करणार आहोत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई परत येतायत. आणि त्याला मॅडमचा होकार होता, हे सांगायचंय. त्या जायच्या आदल्या दिवशीच फोनवर बोलणं झालं होतं आमचं. तुम्ही नंतर दोन शब्द बोललात तर छान होईल. फार नको. आभार वगैरे."

"कशाला होकार होता?"

"तो भाग धरायचा नाही, याला."

"मी समोरच बसले होते तेव्हा."

त्यांनी फोनवर हात ठेवला. मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही एकच बाजू ऐकलीत ना?"

"तीच आईची बाजू होती."

त्यांना राग आला नाही. आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि छताकडे बघत बोलू लागल्या. "मला काय करायला लावताय तुम्ही? मॅडमचा शब्द असल्याशिवाय चाहते ऐकणार नाहीत. चाहत्यांनी नाक मुरडलं की वरचे लोक हंगाम बंद करतात. सेटवरचे सुतार, रंगारी, सगळे माझ्याकडे बघतायत. आणि कुठे आपण कोणाच्या जिवाशी खेळतोय? मुळातच न झालेली गोष्ट, ती झाली नाही म्हणायची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टेबलाचंही तसंच. तुम्हाला खटकलं असेल. पण लोकांना आवडलं हो. कितीजणांनी मला लिहिलं, आम्हालाही असंच मरण यावं."

"तिथे संहिता नव्हती," मी म्हटलं. "मटार होते. तेही आदल्या दिवशी."

"मटार कसे घालणार निवेदनात?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही थोडं हसलो.

बोलेन की नाही ते बघते, असं सांगून मी उठले. खरं तर तेव्हा मनात होतं, जाऊ दे. मी फार थकले होते. कोणी कुठल्या यानात मेलं की नाही यासाठी कंबर कसायची माझ्यात ताकद नव्हती.

घरी मावशी आईच्या साड्या घड्या घालून दोन ढिगांत लावत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मग बोल की दोन शब्द," ती म्हणाली. "धन्यवाद म्हण आणि खाली बस. तेवढं तरी नीट होऊ दे."

"आई हो म्हणाली नव्हती गं."

"ताई कशालाच हो म्हणाली नव्हती जन्मात. लग्नालासुद्धा आधी नाही म्हणून मग उभी राहिली." घडी घालता घालता तिचे हात थांबले. "पण तुला ते नाही बोलायचंय. तुला दुसरंच बोलायचंय. मला काय कळत नाही होय?"

मी नकळत हात मागे घेतला.

"मला माहितेय ती झोपेत नाही गेली. तुझ्या हातावर होतं सगळं लिहिलेलं. पण मी पोचले नाही ना तिच्यापाशी! मी बसमध्ये बसून खिडकीतून बाहेर बघत होते तेव्हा ताई..." तिने साडी तोंडावर धरली आणि मग बाजूला केली. "मला आपलं असू दे ना ते झोपेतलं. कोणाचं काय जातं?"

कोणाचंच काही जात नव्हतं. मावशी रात्री झोपू शकत होती. कंपनीचं काम चालणार होतं. अनोळखी माणसांना एक चांगलं मरण बघायला मिळालं होतं. मी माझ्या कामात असं नेहमी बघते. आधीच्या आवृत्तीतला एक अवघड परिच्छेद निघतो, त्याच्या जागी एक गुळगुळीत वाक्य येतं, पान सुटसुटीत दिसायला लागतं आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथे काही होतं हे कळतही नाही. फक्त मला अलीकडे एक व्हायला लागलं होतं. आईची ती दुपार आठवू बघितली की आधी मावशीचं वाक्य यायचं. उशी, झोपलेला चेहरा, हसू. मी स्वतः तिथे असूनही. खरं काय ते मागून, जोर लावून आणावं लागायचं, आणि दरवेळी ते थोडं कमी यायचं. मला ते जायला नको होतं. ते भयंकर होतं, पण आईचं होतं, आणि तिने ते माझ्यासमोर केलं होतं.

हे मावशीला मला समजावून सांगता आलं नाही. मी तिच्या शेजारी बसून साड्यांना हात लावला.

शोकसभा सकाळी होती, स्टुडिओत. टिटवीच्या मुख्य दालनाच्या सेटवर खुर्च्या मांडल्या होत्या. टीव्हीवर चकचकणाऱ्या त्या भिंती जवळून बघितल्या तर रंगवलेलं प्लायवूड होतं, कोपऱ्यांवर पोपडे आलेलं. पुष्कळसे चाहते यानावरचे करडे कोट घालून आले होते आणि त्यांनी दंडाला काळी फीत बांधली होती. दातवाले काका कोटात फारच बारीक दिसत होते.

चहाच्या टेबलापाशी एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं. डॉक्टरीणबाई. म्हणजे ते काम करणाऱ्या.

"तुमच्या आईने मला इतकी वर्षं मेलेली ठेवली," त्या म्हणाल्या. "भेटली की मी म्हणायचे, सासूबाई, आता तरी उठवा. तर म्हणायची, फार सुंदर मेलीयेस गं, कशाला मोडतेस?"

मी विचारलं, "तुम्हाला परत यायचंय?"

"तर! काम कोणाला नको? घरात बसून गुडघे दुखतात." त्यांनी चहात साखर ढवळली, ढवळतच राहिल्या. "पण मग तो सीन नव्हताच म्हणतायत. लोक मला रस्त्यात थांबवतात ना, ते त्या एका सीनसाठी. कोणी सांगतं, माझे वडील गेले तेव्हा मला तो आठवला. आता त्यांना काय सांगू, ते सगळं स्वप्न होतं?" त्यांनी चमचा बशीत ठेवला. "पण जाऊ द्या. काम आहे हे काय कमी."

मग सभा सुरू झाली. जुने कप्तान बोलले. त्यांचा आवाज अजून तसाच खर्जातला होता, त्यामुळे ते काहीही म्हणाले तरी खरं वाटत होतं. आईचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत ती कोणाला तरी नाही म्हणत होती. लोक हसले, डोळे पुसले. मग निर्मातीबाई उठल्या. त्यांच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो पाहिला नाही.

"मॅडमशी माझं शेवटचं बोलणं झालं ते त्या जायच्या आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंचं ते मरण आता धरू नका. सोडून द्या. त्यांनी जाता जाता आपल्याला दिलेली ही भेट आहे असं मी समजते. आणि मग दुसऱ्या दिवशी, काम करता करता, त्या अगदी शांतपणे गेल्या. जशा जगल्या तशाच."

टाळ्या झाल्या. काही चाहते उभे राहिले. करड्या कोटांतला एक मोठा माणूस लहान मुलासारखा रडत होता. डॉक्टरीणबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. निर्मातीबाईंनी माझं स्वागत करावं तसा हात पुढे केला.

मी माईकपाशी गेले. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिने मान अगदी थोडी हलवली. नको.

"मी त्यांची मुलगी," मी म्हटलं. माईकमधून आलेला माझा आवाज मला अनोळखी वाटला. "आपण सगळे आलात, आभार. तो फोन झाला तेव्हा मी आईच्या समोर बसले होते. आई हो म्हणाली नाही. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंना परत आणायचं तर आणा. पण ती मेलीच नव्हती असं म्हणू नका. एवढी घाबरली होती ती, ते काय सगळं फुकट, असं म्हणाली. हे तिचे शब्द आहेत."

कुठेतरी खुर्ची करकरली. निर्मातीबाईंनी हातातल्या कागदाकडे आता पाहिलं आणि त्याची घडी घातली. मला वाटलं होतं त्या काही बोलतील, पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. मी तिथेच थांबू शकले असते. आईचं काम झालं होतं.

"मावशी," मी माईकमध्येच म्हटलं, "तू थोडा वेळ बाहेर जाऊन बसतेस का?"

सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मावशीचा चेहरा लाल झाला. ती उठली नाही. तिने पर्स मांडीवरून काढून पायांशी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"माझी आई टेबलापाशी गेली नाही," मी म्हटलं. "आणि झोपेतही नाही गेली. ती शेवटपर्यंत जागी होती. तिला श्वास घेता येत नव्हता आणि काय होतंय ते तिला कळत होतं. तोंडावरचा मास्क काढून ती मला म्हणाली, मला नाही जायचं. मी म्हटलं, अगं कुठे जायचंय, उद्या घरी जाऊ आपण. तर चिडली माझ्यावर. म्हणाली, तू तरी असं नको करू. मग मी गप्प बसले. नंतर तिला बोलता येईना. तिने माझा हात असा धरला होता की नखं रुतली. मी सोडवून घेतला नाही. तिने मला सोडलं नाही. ती खूप घाबरली होती, मावशी. घाबरलेलीच गेली."